सावकाश चालणारी पुढे

हिरवा दिवा लागला, सिग्नलच्या खांबावरची टिकटिक भरभर वाजू लागली, दोन्हीकडची माणसं रस्त्यात उतरली, आणि माझा पाय काही फुटपाथवरून खाली उतरेना. दुखत नव्हता, मुरगळला नव्हता, बधिरही झाला नव्हता. बुटात नीट होता, माझाच होता. फक्त फुटपाथची कड आणि रस्ता यांच्यात जी वीतभर खोली असते, ती मला एकाएकी खोली म्हणून दिसली. बाबागाडीची पुढची चाकं कडेवरून लोंबत होती. आत क्लेमी स्वतःचा मोजा चोखत बसली होती. दिवा लाल झाला, पुन्हा हिरवा, पुन्हा लाल. अ‍ॅडलेडमधला हा माझा रोजचा चौक, समोर रोजचं औषधांचं दुकान. शेजारी पावाची पिशवी घेऊन उभा असलेला एक म्हातारा म्हणाला, "काय पोरी, जायचंय ना पलीकडे?" मी मान हलवली असणार. कारण त्याने अगदी सहज, मदत म्हणून, बाबागाडीची मूठ माझ्या हातून घेतली आणि तो चालू लागला. मी मागोमाग येतेय असं धरून चालला असेल. मी गेले नाही. टिकटिक थांबली, गाड्या सुटल्या, आणि मधून जाणाऱ्या बसच्या खिडक्यांतून मला तुकड्यातुकड्यांनी दिसत राहिलं, की माझं बाळ पलीकडे आहे, एका अनोळखी माणसाच्या हाती, आणि मी अलीकडे. ओरडले नाही. ओरडायला सुद्धा खाली उतरावं लागेल असं काहीतरी वाटलं. पुढच्या हिरव्या दिव्याला म्हाताऱ्याने क्लेमीला परत आणून दिलं, माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि विचारलं, ऊन लागलं का. जुलै महिना होता, इथला हिवाळा, भुरभुर पाऊस पडत होता.

घरी जाऊन मी क्लेमीला पाजलं. ती पिताना एक हात वर करून माझ्या हनुवटीवर थापट्या मारते, दार उघडा म्हणून मारावं तशा. मी तिच्या डोक्याचा वास घेत बसले आणि मनाशी म्हणाले, ही आता बसायला लागली आहे. उद्या रांगेल. परवा ती कडेवरून उतरेल, पायरीवरून, धक्क्यावरून, रस्त्यात, पाण्यात. तिच्या मागे उतरायला मला पाय हवेत. बाळंतपणात माझं रक्त फार गेलं होतं. दवाखान्याच्या छताचे दिवे एकामागून एक डोक्यावरून सरकत गेलेले आठवतात आणि कुणीतरी माझ्या नावाने हाक मारत होतं, टीगन, टीगन, जणू मी लांब कुठेतरी चालत निघाले होते. मग मी बरी झाले. सगळ्यांनी तपासून सांगितलं, बरी आहेस. पण तेव्हापासून या शरीरात मी भाडेकरूसारखी राहत होते. खिळा ठोकताना विचारावं लागेल, अशी. कधी घर सोडायला सांगतील, अशी. आधी जिन्याचा कठडा धरू लागले, मग जिना टाळू लागले, मग अंघोळीच्या टबात पाय टाकताना डोळे मिटू लागले, आणि हे सगळं इतकं हळूहळू झालं की कॅलमला, माझ्या नवऱ्याला, दिसलंच नाही. तो बस चालवतो, पहाटे जातो. त्याला मी सांगितलं की औषधांचं दुकान बंद होतं. खरं सांगितलं ते ब्रायडीला.

ब्रायडी म्हणजे मरे नदीकाठच्या आमच्या गावातली, संत्र्यांच्या बागांमधली, पहिलीपासूनची मैत्रीण. आता ती वर अ‍ॅलिसला, वाळवंटातल्या गावात, असते आणि घरांच्या छपरांवर चढून कूलर दुरुस्त करते. मी फोन केला तेव्हाही ती छपरावरच होती. पत्रा तिच्या बुटाखाली कडकड वाजताना ऐकू येत होता. मी सांगितलं, रडत सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, मधे एकदा पाना मागितला कुणाकडे तरी, आणि म्हणाली, "मग ये की इकडे. आमच्याकडे फुटपाथच नाहीत." आणि फोन ठेवला. लहानपणापासून हे असंच. ब्रायडी पुढे आणि मी मागे. ब्रायडीची सायकल, आणि तिच्या मागच्या चाकाने उडवलेली धूळ खात माझी. आयुष्यात मी जे काही केलं ते कुणीतरी आधी करून दाखवल्यावर केलं, अशी माझी स्वतःबद्दलची गोष्ट होती, आणि त्या गोष्टीत मी सुखी होते. मागून येणाऱ्याला निदान पायाखाली काय येणार ते ठाऊक असतं.

दोन दिवसांचा रस्ता. कॅलमने रजा काढली. खाऱ्या तळ्यांपाशी, जिथे रस्ता इतका सरळ होतो की गाडी चालवणारा माणूस मनातलं बोलू शकतो, तिथे मी त्याला म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. त्याने समोरून येणारा एक लांबलचक ट्रक जाऊ दिला. मग म्हणाला, "म्हातारा बरा होता म्हणायचा." आणि एक हात सोडून माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि तो पुढच्या पेट्रोलपंपापर्यंत तिथेच राहिला. मागे क्लेमी खिडकीतून पळणाऱ्या लाल मातीला जोरजोराने काहीतरी समजावून सांगत होती.

अ‍ॅलिसला थंडी अशी की सकाळी अंगणातल्या बादलीत बर्फाची साय धरलेली. ब्रायडी दारातच उभी होती. केस बारीक कापलेले, नाक सोललेलं, मिठी मारली तेव्हा अंगाला तेल आणि धुळीचा वास. माझ्याकडे तिने पाहिलंच नाही, क्लेमीकडे पाहिलं, तिला उचलून उलटी धरली, पुन्हा सुलटी केली, आणि पसंत पडल्यासारखी मान हलवली. दुसऱ्या दिवशी डोंगरावर जायचं हे तिने ठरवूनच टाकलेलं होतं. पश्चिमेकडच्या रांगेतला एक डोंगर, नावाजलेला वगैरे नाही. शेजारच्या मार्लीनमावशींना तिने आधीच विचारलं होतं, कारण मावशी इथल्या मूळच्या लोकांपैकी आणि तो मुलूख त्यांच्या आजीचा. त्यांनी सांगितलं होतं की याच्यावर जा, पण त्याला लागून जो बुटका डोंगर आहे त्याच्याकडे फिरकू नका, आणि का ते विचारू नका. सकाळी आम्ही निघताना मावशी कुंपणापाशी आल्या, क्लेमीला मागून घेतलं, तिच्या पोटरीचं मांस चिमटीत धरून पाहिलं आणि कॅलमला म्हणाल्या की ही पोरगी चालणार, तू पळणार.  मग माझ्या बुटांकडे पाहिलं. बाटलीत काढून ठेवलेलं दूध फ्रिजमध्ये होतं. कॅलमने मला गाडीत अक्षरशः ढकलून बसवलं. गाडी वळली तशी अंगातून काहीतरी तटकन ओढलं गेलं, दोरीचं टोक त्या दारात अडकलेलं राहावं तसं.

कोरड्या नदीच्या वाळूत गाडी लावली. पांढऱ्या सालीची गमची झाडं, त्यांच्यावर पोपटांचा कालवा. पाठीवर पाणी, पिशवीत केक आणि चहाचा थर्मास. मी सवयीने ब्रायडीच्या मागे जाऊन उभी राहिले. ती वळली आणि म्हणाली की नाही, तू पुढे. इथे सगळ्यांचा हाच रिवाज, सगळ्यात सावकाश चालणारं माणूस पुढे. त्याच्या चालीने बाकीच्यांनी चालायचं, म्हणजे कुणी मागे सुटत नाही. वाळवंटात मागे सुटलेलं माणूस सापडेलच असं नाही. मी म्हटलं, मला वाट माहीत नाही. ती म्हणाली, "वाट मी सांगते मागून. तू फक्त सावकाश चाल. त्यात तर तू हुशार आहेस."

तर मी पुढे. पुढे म्हणजे समोर कुणाची पाठ नाही. हे मला इतकं नवीन होतं की पहिला चढ मी कुणाला तरी शोधतच चढले. लाल दगड, दगडांमधून स्पिनिफेक्स गवताचे गोल गोल झुबके, दिसायला मऊ आणि मांडीला लागले की सुयांची मूठ. माश्या तोंडावर. ऊन हळूहळू खांद्यावर हात ठेवत होतं. मागून ब्रायडीचा आवाज येत होता, डावीकडे घे, उजवीकडे घे, तो दगड हलतो, अगं तो नव्हे, आणि मधूनमधून गावाकडच्या बातम्या, कुणाच्या बागेला कीड लागली, कुणी कुणाला सोडलं. मी बोलत नव्हते. माझं सगळं लक्ष पायांत. प्रत्येक पाऊल आधी डोक्यात टाकत होते आणि मग जमिनीवर, म्हणजे डोंगर मी दोनदा चढत होते. धाप लागून थांबले की तीही थांबायची, मुकाट, माझ्या पुढे न येता. दगडावर एक वॉलबी बसलेली होती, कांगारूच्या जातीची, छोटीशी, आणि तिच्या पिशवीतून एक कान बाहेर आलेला. तिने आमच्याकडे पाहिलं आणि उभ्या कड्यावरून खाली गेली, पाणी ओघळावं तशी. पिशवीतल्या कानासकट. मला एकदम इतका राग आला तिचा. मग हसू आलं. आणि त्या हसण्यात, का कोण जाणे, गावचा धक्का आठवला. नदीवर पाणी खेचायच्या पंपाचा जुना लाकडी धक्का होता, पोरं त्यावरून उड्या मारायची. उन्हाळ्यात मातकट, गार, संत्र्याच्या सालींचा वास येणारं पाणी. नाकात पाणी जाऊन कपाळात झणझणायचं ते अजून माझ्या कपाळात आहे. आणि वर आकाश, आणि आकाशाच्या कडेला, फळीवरून पुढे आलेली ब्रायडीच्या पायांची बोटं, नखांवर अर्धा उडालेला जांभळा रंग. ब्रायडी बिनधास्त. ब्रायडी नेहमी पहिली. मी मागून.

माथ्याच्या खाली डोंगराची धार अरुंद होते. दोन्हीकडे उतार, वारा. आणि तिथे धार तुटलेली होती. फार नाही, एक लांब टांग टाकली की पलीकडे, अशी फट. पण फटीला तळ होता तो खूप खाली, सावलीत, आणि तिथून गार हवा वर येत होती, तळघराचं दार उघडं राहिल्यासारखी. पलीकडे सपाट दगड, त्याच्यापुढे वाट, आणि वाटेच्या टोकाला माथा, अगदी हाकेच्या अंतरावर. मी थांबले. ती खोली मी ओळखली. वीतभर असो की एवढी असो, खोली एकच असते, तिचा चेहरा एकच असतो.  छताचे दिवे डोक्यावरून सरकू लागले. टीगन, टीगन. मी खाली बसले, दगडाला धरून, आणि म्हटलं की ब्रायडी, तू आधी जा. तू जा आणि पलीकडून हात दे. म्हणजे मी येते. तू पुढे असलीस की मी येते.

 मी वळून पाहिलं. ब्रायडीही बसली होती. पाय जवळ घेऊन, दोन्ही तळवे दगडावर दाबून, आणि तिच्या सोललेल्या नाकाभोवतीचा रंग उडाला होता. मला वाटलं ती नाटक करतेय. मग दिसलं की नाही.

"मी इथूनच परत जाते," ती म्हणाली. "दर वेळी."

मला समजेना. मी म्हटलं, तू तर दिवसभर छपरावर असतेस.

"छपराला शिडी असते, बये. खाली वाळू नाहीतर कुणाची तरी कोंबडी असते. इथे काय आहे?"

मग वाऱ्यात, धारेवर, दोघी बायका बुडं दगडाला चिकटवून बसलेल्या, आणि मला एकदम संताप आला. म्हणजे मला इथवर आणलंस कशाला? स्वतःला जमत नाही आणि मला पुढे घातलंस? ती म्हणाली की पुढे नेहमी तूच असायचीस. मी म्हटलं, काहीतरीच. ती म्हणाली, काहीतरीच काय? पंपाचा धक्का विसरलीस? मी म्हटलं, धक्क्यावरून तूच आधी उडी मारायचीस. ती माझ्याकडे अशी बघायला लागली जशी मी भलत्याच कुणाची तरी गोष्ट सांगतेय.

"मी मोजायचे," ती म्हणाली. "एक दोन तीन. तीन म्हटलं की तू गेलेली असायचीस. तुझं डोकं पाण्यावर आलं, तू जिवंत आहेस असं दिसलं, की मग माझा धीर व्हायचा. सायकलवर मी पुढे असायचे कारण तुझी सायकल भंगार होती. त्यात माझा काय पराक्रम?"

मी खोटं म्हणणार होते. तोंड उघडलंही. आणि उघड्या तोंडाने तशीच राहिले, कारण ती बोटं मला दिसली. फळीवरून पुढे आलेली, जांभळ्या रंगाची, आकाशाच्या कडेला. खालून. ती बोटं मी खालून पाहिली होती. नाकात पाणी गेलेलं, कपाळ झणझणत असलेलं, डोक्यावर आकाश, आणि ब्रायडी वर, कोरडी, उभी. इतकी वर्षं हे चित्र माझ्याकडे होतं आणि चित्रातली मी कुठे आहे हे मी कधी पाहिलंच नव्हतं. मी पाण्यात होते. मी आधीच पाण्यात होते.

 तेवढ्यात छातीत मुंग्या आल्या, गरम झाल्या, आणि दूध आलं. घरी क्लेमी जागी झाली असणार, हनुवटी शोधत असणार. शर्ट ओला झाला, त्यावर वारा लागून गार झाला. काय हे शरीर! इथे फटीच्या तोंडाशी मला बसवून ठेवतं, पाय देत नाही, आणि तिकडे कोसन् कोस लांबच्या भुकेला मला न विचारता हजर होतं. आणि मला वाटलं, भाडेकरूचं घर असं वागत नाही. हे माझं आहे. भित्रं आहे, गळकं आहे, आणि माझं आहे. मी उठले. उठताना कशाचाही आधार घेतला नाही हे उठल्यावर लक्षात आलं. कडेपाशी गेले. खोलीकडे पाहिलं, चांगलं पाहिलं, तिचा गार श्वास पायांवर घेतला. भीती गेली नव्हती. ती तिथेच होती, शेजारी, पाठपिशवी सावरत उभी होती. तीही यायला निघाली होती.

"मोज," मी म्हटलं.

ब्रायडीने मोजलं. आवाज चिरकला तिचा. तीन म्हणायच्या आत मी पलीकडे होते.

बुटांखाली दगड होता, उन्हाने तापलेला. मी वाकून त्याला हात लावला आणि मग हसायला लागले, पोटातून, बाळंतपणातल्या टाक्यांच्या जागेतून, जिथून हसायला मी आठ महिने घाबरत होते तिथून. फटीपलीकडे ब्रायडी ताठ उभी, डोळे विस्फारलेले. मी तिला म्हटलं की माझं डोकं वर आलंय, बघ. मी हात पुढे केला. तिने शिवी दिली, गावाकडची, संत्री वेचणाऱ्या बायकांची, आणि ती शिवी अर्धी तिकडे आणि अर्धी इकडे म्हणत ती माझ्या अंगावर येऊन आदळली. आम्ही दोघी पडलो. माझं कोपर सोललं. तिने पडल्या पडल्या आकाशाकडे बघून जाहीर केलं की ती या डोंगराला आता कूलर बसवून देणार, फुकट.

माथ्यावर काही नव्हतं. म्हणजे सगळं होतं, रांगेमागे रांगा, तांबड्या, जांभळ्या, मग निळ्या, आणि त्यांच्या मधून कोरड्या नदीची पांढरी नागमोडी रेघ. पण उभं राहायला एक दगडांचा ढीग आणि वारा, एवढंच. खालच्या बुटक्या डोंगराकडे आम्ही पाठ करून बसलो, मावशींच्या शब्दाखातर. ब्रायडीने केक कापला, चहा ओतला. माझी छाती दगडासारखी झाली होती, म्हणून शर्ट वर करून मी दूध पिळून काढलं, तिथेच, लाल दगडावर. लाजायला होतं कोण? एक घार. ऊन असं की थेंब पडायचे आणि पांढरा डाग राहायचा. थोड्या वेळाने कुठूनशा मुंग्या आल्या, काळ्या, लांब पायांच्या, आणि कडेकडेने रांगेत उभ्या राहून पिऊ लागल्या. ब्रायडी पोटावर झोपून, गाल दगडाला टेकवून त्यांच्याकडे बघत बसली. म्हणाली, या आता तुझ्या मागे अ‍ॅडलेडपर्यंत येणार. मी कप संपवला. चहा थर्मासच्या बुचासारखा लागत होता. इतका चांगला चहा मी आयुष्यात प्यायले नव्हते. क्लेमीला हे कधी सांगता येणार नाही असं वाटलं, आणि मग वाटलं, सांगायचं कशाला? एक दिवस तिच्याच पायांनी आणू.

उतरताना आमचं भांडण लागलं. विषय असा की सहावीत शाळेच्या नाटकात मेंढीचं काम कुणी केलं होतं. ब्रायडीचं म्हणणं तिने. मी म्हटलं की मेंढी मी होते, माझ्या आईने कापूस चिकटवला होता, तू झाड होतीस. ती म्हणाली, झाड अ‍ॅलिसन होती. मी म्हटलं, अ‍ॅलिसन तर त्या वर्षी आलीच नव्हती, तिला कांजिण्या झाल्या होत्या, म्हणून तर तुला झाड केलं, आणि तू तिसऱ्या रांगेतल्या वडिलांना हात हलवलास, झाड असून, आणि बाई ओरडल्या. आणि मेंढीला एक वाक्य होतं, ते मला अजून पाठ आहे. मी ते वाक्य म्हणून दाखवलं. मागून उत्तर येईना. ती हरली असं समजून मी वळले.

ब्रायडी फटीच्या पलीकडे उभी होती. फट आमच्या मधे होती, खाली तिची सावली आणि गार हवा. मी बोलत बोलत आले होते. कुठला पाय आधी टाकला, कडेपाशी थांबले की नाही, खाली पाहिलं की नाही, मला काही आठवेना. कांजिण्या आणि मेंढीच्या मधे कुठेतरी ती टांग पडून गेली होती.

"आता जरा गप्प बस," ब्रायडी म्हणाली. "मला बघू दे पाय कुठे ठेवायचा ते."

मी गप्प बसले. हात खिशात घातले. घाई काहीच नव्हती. ती येईपर्यंत मी उभी राहिले.